ओव्हरलँड मेल

ओव्हरलँड मेल : हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यातील टपाल आफ्रिकेचा वळसा टाळून तांबडा समुद्र आणि ईजिप्तमार्गे आगबोटीने नेण्याची १८३० नंतर उभी राहिलेली व्यवस्था. मुंबई ते सुएझ आगबोट, पुढे ईजिप्तच्या भूमीवरून अलेक्झांड्रिया, तेथून पुन्हा आगबोट असा हा मार्ग होता. इंग्लंडची पत्रे तिने महिन्यांवरून आठवड्यांवर आणली. तरी हा वेग एकट्या वाफेच्या इंजिनाचा नव्हे. कोळसा, वारा, उंट आणि आगगाडी यांची गाठ नीट पडली तेव्हाच तो हाती आला.

शिडाच्या जहाजाने केप ऑफ गुड होपमार्गे पत्र जायला चार ते सहा महिने लागत, वारा फिरला तर त्याहूनही अधिक. कंपनी सरकारने विलायतेला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत वर्ष सहज उलटे. यावर उपाय म्हणून कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी बक्षीस जाहीर केले आणि १८२५ मध्ये ‘एंटरप्राइझ’ हे वाफेचे जहाज केपमार्गे कलकत्त्याला आले. पण त्यालाही पावणेचार महिन्यांच्या आसपास लागले आणि वाटेत बराच वेळ शिडांचाच आधार घ्यावा लागला. लांबच्या वाटेवर नुसते इंजिन बसवून भागणार नव्हते. वाटच बदलायला हवी होती.

मुंबईकरांना हे आधी उमगले, कारण भूगोल त्यांच्या बाजूचा होता. तांबड्या समुद्राची वाट सुचवणाऱ्यांत गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते, तर ती प्रत्यक्षात आणण्याचा आग्रह त्यांच्यानंतरचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी धरला. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील नवरोजी जमशेटजी यांनी बांधलेली ४११ टनांची ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट कॅप्टन जॉन विल्सन यांच्या हाताखाली २० मार्च १८३० रोजी सुएझला निघाली. बोटीची रचना साधारण साडेपाच दिवसांच्या कोळशाची आणि अरबस्तानच्या दक्षिण टोकावरील एडन बंदरापर्यंतचा पल्ला अकरा दिवसांचा! म्हणून खोल्यांतसुद्धा कोळसा भरला. बोट पाण्यात इतकी खोल बसली, की पाणी कापून बोट पुढे ढकलणारी बाजूची चाके नीट फिरेनात. एडन गाठले तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा शिल्लक होता. पुढे तेथे, तसेच वाटेतल्या इतर बंदरांत कोळसा चढवण्यात दिवसच्या दिवस गेले. २२ एप्रिलला बोट सुएझला लागली. ३३ दिवसांच्या या प्रवासातला मोठा वाटा नांगर टाकून कोळसा भरण्यात खर्ची पडला होता. तरीही हिने नेलेली पत्रे साधारण दोन महिन्यांत लंडनला पोहोचली.

या बंदरांतला कोळसा आधीच शिडाच्या जहाजांनी नेऊन ठेवावा लागे. मूळचा इंग्लंडचा माल तर केपला वळसा घालूनच मुंबईला येई. म्हणजे जलद टपालाची सगळी भिस्त जुन्या, संथ वाहतुकीवर होती. कंपनीचे संचालक खर्च पाहून नाराज झाले. प्रत्येक पत्राचा हिशेब मांडला तर त्यांची तक्रार अगदीच गैरलागू नव्हती. पण ‘ह्यू लिंडसे’च्या फेऱ्या पुढेही अधूनमधून होत राहिल्या. ब्रिटिश लष्करी अधिकारी फ्रान्सिस चेस्नी यांनी युफ्रेटिस नदीतून वाट काढण्याचा पर्याय १८३५–३७ मध्ये तपासला. त्यातली ‘टायग्रिस’ ही आगबोट १८३६ मध्ये वादळात बुडाली आणि तांबड्या समुद्राचे पारडे जड झाले. १८३७ नंतर ‘अटलांटा’ व ‘बेरेनिस’ यांसारख्या मोठ्या आगबोटी आल्या आणि महिन्याची नियमित फेरी शक्य झाली. मात्र नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या तोंडावर मुंबईहून पश्चिमेला जाणे कठीणच राहिले. पावसाळ्यात दक्षिणेकडून लांबचा फेरा मारावा लागे आणि वेळापत्रक कोलमडे.

कोळशाच्या प्रश्नाचे राजकीय उत्तर म्हणजे एडन. एका जहाजाच्या लुटीचे निमित्त करून कॅप्टन स्टॅफर्ड हेन्स यांनी जानेवारी १८३९ मध्ये ते बंदर बळाने घेतले. पुढे जवळजवळ शतकभर त्याचा कारभार मुंबई सरकारकडे, नंतर हिंदुस्थान सरकारकडे राहिला. टपालाच्या सोयीपायी एक बंदरच साम्राज्यात ओढले गेले, हे या इतिहासातले सर्वांत उघड पान म्हणावे लागेल.

ईजिप्तमधला टप्पा टॉमस वॅगहॉर्न यांच्या नावाशी जोडला जातो. अलेक्झांड्रियाहून महमुदिया कालव्याने नाईल, नदीतून कैरो आणि तेथून सुमारे १३५ किलोमीटर वाळवंट ओलांडून सुएझ, अशी टपालाची ने-आण त्यांनी लावली. वाळवंटात पत्रांच्या पेट्या उंटांवरून जात. वॅगहॉर्न यांच्या मार्फत गेलेल्या पत्रांवरील शिक्के आज संग्राहक शोधत असतात. खटपटी आणि स्वतःची जाहिरात करण्यात पटाईत असा हा माणूस १८५० मध्ये कर्जबाजारी होऊन वारला. मार्गाचे सगळे श्रेय त्याला देण्याची प्रथा मात्र विल्सन आणि मुंबईची गोदी यांच्यावर अन्याय करणारी आहे.

भूमध्य समुद्रातली वाहतूक १८४० पासून पी अँड ओ या ब्रिटिश आगबोट कंपनीकडे आली आणि १८४२ मध्ये तिने सुएझ–कलकत्ता फेरीही सुरू केली. मुंबई–सुएझ टप्पा मात्र कंपनी सरकारच्या आरमाराने १८५४ पर्यंत सोडला नाही. युरोपात पत्र ‘व्हाया मार्सेय’ की ‘व्हाया साउदॅम्प्टन’ पाठवायचे हे पाकिटावर लिहावे लागे. फ्रान्समधून जाणारी वाट लवकरची, पण महाग होती. वजनागणिक दर वाढे, म्हणून लोक पातळ कागदावर बारीक अक्षरांत मजकूर कोंबत.

साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये दाद मागत होते, तो काळ याच टपालाचा. तिकडे डाक दोन महिन्यांच्या आत पोहोचू लागली होती; निकालाला मात्र वर्षे लागत राहिली आणि तो विरुद्धच गेला. मीरतमध्ये १० मे १८५७ रोजी झालेल्या उठावाची बातमी लंडनला जूनच्या अखेरीस कळली.

अलेक्झांड्रिया–कैरो आणि कैरो–सुएझ लोहमार्ग अनुक्रमे १८५६ व १८५८ मध्ये झाल्यावर उंटांचे काम संपले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, तरी टपाल पुढेही बरीच वर्षे ईजिप्तच्या आगगाडीनेच जात राहिले. कालव्यातून संथपणे सरकणाऱ्या बोटीपेक्षा गाडी लवकर पोहोचे. १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई–कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला आणि मुंबई साऱ्या हिंदुस्थानच्या विलायती डाकेचे बंदर ठरली. त्याच वर्षी समुद्री तारायंत्राची केबल मुंबईला येऊन मिळाल्याने तातडीची बातमी तारेने जाऊ लागली; दस्तऐवज, हुंड्या आणि घरची पत्रे डाकेकडेच राहिली. पत्रांची छाननी चालत्या बोटीवर करणारे समुद्री टपाल कार्यालयही याच सुमारास सुरू झाले, म्हणजे बोट धक्क्याला लागताच थैल्या थेट गाड्यांत चढत. इटलीतील ब्रिंदिसीपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे बोट धरण्याची सोय झाल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी लंडन–मुंबई टपाल सुमारे दोन आठवड्यांत येई.

पहिल्या महायुद्धात ही घडी विस्कटली आणि समुद्री टपाल कार्यालय १९१४ मध्ये बंद पडले. लंडन–कराची विमानटपाल १९२९ मध्ये सुरू झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचे विमान घेऊन मुंबईत जुहूला उतरले.