फी घेऊन काम करणारा डिझायनर आणि टर्नकी घेणारा डिझायनर

पुण्यात किंवा ठाण्यात नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की घरात ‘इंटिरिअरवाला’ कोण घ्यायचा याची चर्चा सुरू होते. एक जण येऊन म्हणतो, ‘माझी फी इतकी, काम आपण चांगला सुतार बघून करून घेऊ.’ दुसरा म्हणतो, ‘बारा लाखांत सगळं करून चावी हातात देतो.’ कार्डावर दोघांच्याही नावाखाली इंटिरिअर डिझायनर असंच छापलेलं असतं. घरमालकांचा घोळ होतो तो होतोच, पण नुकता कोर्स पूर्ण केलेल्या मुलामुलींनाही वाटत राहतं की हा एकाच कामाचा लहान आणि मोठा प्रकार आहे. आधी फीवर छोटी कामं करायची, जम बसला की टर्नकी, म्हणजे साहित्य-मजुरीसकट सगळं घर तयार करून देण्याची कामं घ्यायची, असा त्यांचा हिशोब असतो. माझ्या मते हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, आणि आपण कुठल्या व्यवसायात आहोत हे न ठरवता सुरुवात केली की पहिली काही वर्षं फार ओढाताणीत जातात.

कार्डावरून फरक कळत नाही, कारण आपल्याकडे या नावावर कायद्याचा पहारा नाही. ‘आर्किटेक्ट’ हे नाव १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टने राखून ठेवलं आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसेल तर ते लावता येत नाही. ‘इंटिरिअर डिझायनर’ मात्र कुणीही लावू शकतो. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून आलेली मुलगी लावते, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेला मुलगा लावतो, आणि वीस वर्षं सुतारकाम करून स्वतःची टीम उभी केलेला मिस्त्रीही लावतो. आयआयआयडी ही डिझायनरांची संघटनाही १९७२ पासूनची आहे, पण तिचं सदस्यत्व ऐच्छिक आहे. त्यामुळे पाटी वाचून उपयोग नाही, पैसा कुठून कुठे जातो ते पाहावं लागतं.

फीवर काम करणारा डिझायनर आपली बुद्धी आणि ड्रॉइंग विकतो. आधी घराची मापं, मग फर्निचर लेआउट, मग प्रत्येक भिंतीचं एलिव्हेशन, म्हणजे ती समोरून कशी दिसेल ते ड्रॉइंग, इलेक्ट्रिकलचं ड्रॉइंग, सीलिंगचं ड्रॉइंग, स्वयंपाकघराचे तपशील. त्यावरून बीओक्यू, म्हणजे कामाच्या बाबींची परिमाणांसह यादी. ती दोन-तीन काँट्रॅक्टरना देऊन कोटेशन मागवायची, साइटवर जाऊन काम ड्रॉइंगप्रमाणे होतंय का बघायचं, आणि बिलं मोजून पास करायची. काँट्रॅक्टरचे पैसे घरमालक थेट देतो. काही घरांत मालक स्वतःच प्लाय आणून देतो आणि सुताराला फक्त मजुरी ठरवतो. तेव्हाही डिझायनरची जागा तीच राहते.

या कामाची किंमत लोकांना पटवणं अवघड जातं, कारण चांगलं ड्रॉइंग जे नुकसान टाळतं ते कुणाला दिसत नाही. ओट्यावर मिक्सर, ओव्हन आणि वॉटर प्युरिफायर कुठे येणार हे लादी बसायच्या आधी ठरलं नाही, तर नंतर नवी टाइल फोडून पॉइंट काढावा लागतो. ओट्याची उंची साधारण ३४ इंच धरायची पद्धत आहे, पण रोज स्वयंपाक करणारी व्यक्ती पाच फुटांची असेल तर तिला ती जास्त होते आणि खांदे भरून येतात. हे विचारायला वेळ लागतो. फीवर काम करणाऱ्याला त्या वेळाचेच पैसे मिळतात, म्हणून तो विचारू शकतो.

फी ठरवायच्या तीन पद्धती सर्रास चालतात. कार्पेट एरियावर चौरस फुटाचा दर, कामाच्या एकूण खर्चाचे टक्के, किंवा ठोक रक्कम. टक्क्यांच्या पद्धतीत खर्च वाढला की फी वाढते, आणि घरमालकाच्या मनात पाल चुकचुकतेच. नव्याने सुरू करणाऱ्याने चौरस फुटाचा दर धरावा असं मला वाटतं. ६५० फुटांच्या घराला दर १५० रुपये धरला तर ९७,५०० रुपये. आकडा दोघांनाही पहिल्याच दिवशी कळतो आणि इटालियन मार्बल लावा म्हणून आग्रह करण्यात डिझायनरचा काही फायदा उरत नाही.

टर्नकी घेणारा वस्तू विकतो, तयार घर विकतो. प्लाय, लॅमिनेट, बिजागऱ्या, मजुरी, रंग, पीओपी, सगळं त्याच्या अंगावर. त्याचा नफा दरांच्या आत असतो. कपाटाचं उदाहरण घेऊ. सात फूट रुंद, आठ फूट उंच, दोन फूट खोल. कपाटाचं माप समोरून घेतात, म्हणजे ५६ चौरस फूट. दर १,६०० रुपये धरला तर ८९,६०० रुपये. आत किती प्लाय जातो? दारं ५६ फूट, दोन बाजू ३२, दोन उभ्या पार्टिशन ३२, वरची आणि खालची फळी मिळून २८, आणि शेल्फ धरून १९० च्या आसपास. आठ बाय चारची शीट ३२ फुटांची, म्हणजे १८ मिलिमीटरच्या सहा शीट. मागचा पातळ प्लाय वेगळा. आता कोटेशनमध्ये नुसतं ‘चांगला प्लाय’ लिहिलं असेल, तर आयएस, म्हणजे भारतीय मानक, ७१० चा पाण्यात टिकणारा मरीन प्लाय लावायचा की आयएस ३०३ चा साधा एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, हे विकणाराच ठरवतो. दोघांत फुटामागे ४० रुपयांचा फरक धरला तर एका कपाटात ७,६८० रुपये इकडचे तिकडे होतात. लॅमिनेट चिकटल्यावर आतला शिक्का कुणी बघू शकत नाही. कोरड्या बेडरूमच्या कपाटाला एमआर चालतोही, पण तो ठरवून आणि सांगून लावलेला असावा.

यावरून टर्नकी म्हणजे लबाडी असं कुणी समजू नये. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहून कोथरूडचा फ्लॅट सजवणाऱ्या कुटुंबाला तीन कोटेशनं घेऊन सुताराच्या मागे धावणं शक्य नसतं. नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील तर इथल्या इथेही शक्य नसतं. त्यांना एक आकडा, एक तारीख आणि जाब विचारायला एक माणूस हवा असतो. सहा महिन्यांनी दार घासू लागलं तर फीवाला डिझायनर काँट्रॅक्टरला फोन लावून देईल. टर्नकीवाल्याला स्वतःचा माणूस पाठवावा लागतो. ही जबाबदारी मोठी आहे आणि तिचे पैसे घेणं रास्त आहे.

खरा अडथळा या दोघांच्या मधल्या जागेत आहे. फी घ्यायची, घरमालकाच्या बाजूने उभं असल्याचं सांगायचं, आणि प्लायवाल्याकडून, टाइल्सच्या शोरूममधून, दिव्यांच्या दुकानातून कट घ्यायचा. ही पद्धत इतकी रुळली आहे की नव्या डिझायनरला काही दुकानदार स्वतःहून टक्के सांगतात. मी याला चूक मानतो. टर्नकीवाला विक्रेता आहे हे ग्राहकाला माहीत असतं, म्हणून तो घासाघीस करतो. फीवाल्याशी तो घासाघीस करत नाही, त्याने दाखवलेलं घेतो. दुकानदार सूट देत असेल तर ती बिलात दाखवून घरमालकाला मिळवून द्यावी. त्या एका गोष्टीने पुढची दोन कामं येतात.

आता भांडवल. फीवर सुरू करायला लॅपटॉप, सॉफ्टवेअर, मापाची टेप आणि दुचाकी एवढ्यावर भागतं. टर्नकीला रोखीचा ओघ सांभाळावा लागतो. बारा लाखांचं काम, ४० टक्के ॲडव्हान्स, म्हणजे हातात ४ लाख ८० हजार. त्यातून प्लाय उचलायचा, दर आठवड्याला कारागिरांची खर्ची द्यायची, सीलिंगवाल्याला उचल द्यायची. शेवटचे दहा टक्के, १ लाख २० हजार, बहुतेक वेळा दारावरचा एखादा ओरखडा किंवा रंगाची छटा यावर अडकतात. नफा १५ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार धरला होता. त्यातले दोन तृतीयांश त्या ओरखड्यापाशी थांबले. असं दोन साइटवर एकदम झालं की तिसऱ्या साइटचा ॲडव्हान्स पहिल्या साइटच्या उधारीत जातो, आणि तिथून बाहेर यायला फार वेळ लागतो.

करातही फरक आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात वकिली, वैद्यकी, वास्तुकला यांच्या यादीत अंतर्गत सजावटीचंही नाव होतं. त्यामुळे फी घेणाऱ्याला कलम ४४एडीएखाली, जमा फी मर्यादेत असेल तर, निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवण्याची सोय मिळाली. टर्नकीची उलाढाल त्या खात्यात टाकली तर निम्मा नफा दाखवावा लागेल, जो या कामात कधीच सुटत नाही. तो धंदा म्हणूनच दाखवायचा असतो. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएला विचारूनच रिटर्न भरा. जीएसटीचंही तसंच. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे. नुसत्या फीवर ती गाठायला बरीच घरं लागतात. टर्नकीत संपूर्ण बिल तुमच्या नावावर असल्याने बारा लाखांच्या दुसऱ्याच फ्लॅटला ती ओलांडली जाते.

मग सुरुवात कुठून करावी? माझं उत्तर स्पष्ट आहे: आधी दुसऱ्याच्या ऑफिसात, आणि ते ऑफिस फीवर चालणारं असावं. वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे कारागीर ज्यावरून थेट काम करतो ती, काढायची सवय तिथे लागते. टर्नकी ऑफिसात बरंच काही सुताराला तोंडी सांगून उरकतं, आणि नवखा ड्रॉइंगऐवजी सुताराच्या मागे धावायला शिकतो. लिव्हस्पेस, होमलेनसारख्या कंपन्यांत नोकरी मिळाली तर जरूर घ्या, ग्राहकाशी बोलणं आणि वेळ पाळणं चांगलं शिकायला मिळतं. पण ती बाजू टर्नकीची आहे हे लक्षात असू द्या. तिथे घर पूर्ण करून विकायचं असतं. सुट्टीच्या दिवशी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा मुंबईत लोहार चाळीत फिरून दर विचारत राहा. दर माहीत नसलेल्या डिझायनरचा बीओक्यू काँट्रॅक्टर एका नजरेत ओळखतो.

पुढे टर्नकीत जायचं असेल तर जावं, अनेक जण उत्तम करतात. फक्त एका घरात एकच भूमिका घ्या आणि ती पहिल्या पत्रात लिहा. फीचं काम असेल तर कोणकोणती ड्रॉइंग मिळतील, किती वेळा बदल करून मिळतील, साइटवर आठवड्यातून किती फेऱ्या होतील, बिलं कोण मोजेल. टर्नकी असेल तर प्लायचा ब्रँड आणि त्यावरचा आयएस क्रमांक, बिजागरी आणि ड्रॉवरच्या चॅनेलची कंपनी, लॅमिनेटची जाडी, सोसायटीचं डिपॉझिट कोण भरणार, राडारोडा कोण उचलणार, आणि शेवटचे दहा टक्के कुठल्या यादीतल्या गोष्टी पूर्ण झाल्यावर, किती दिवसांत मिळणार.