टेबल पाम

पामी (ताल) कुलातील बुटकी, सावलीत वाढणारी शोभेची वनस्पती. शास्त्रीय नाव कॅमीडोरिया एलेगन्स. नारळ, पोफळ, शिंदी व भेर्ली माड ही तिची आपल्याकडील नातलग झाडे. दक्षिण व पूर्व मेक्सिको, ग्वातेमाला आणि बेलीझ येथील दमट जंगलांत मोठ्या वृक्षांच्या छायेत ती वाढते. घराच्या अपुऱ्या उजेडात तग धरण्याचा तिचा गुण या सवयीतूनच आला आहे. सातारा, कराड, सांगली, मिरज येथील रोपवाटिकांत ती सर्रास मिळते.

नाव : ‘टेबल पाम’ हे बाजारातील नाव निदान दोन वनस्पतींना लावले जाते. प्रस्तुत वनस्पतीची पाने पिसासारखी, पर्णिकांत विभागलेली असतात. त्याच नावाने विकली जाणारी दुसरी वनस्पती म्हणजे लिव्हिस्टोना रोटुंडिफोलिया. तिची पाने गोलसर पंख्यासारखी असून ती मुळात आग्नेय आशियातील उंच वृक्ष आहे, कुंडीत लहान दिसते इतकेच. तिला उजेडही अधिक लागतो. तिची गणना अलीकडे सारिबस या वेगळ्या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) करतात. विकत घेताना नावापेक्षा पान पाहणे इष्ट. ‘बांबू पाम’ म्हणून विकली जाणारी कॅमीडोरिया साइफ्रिझी ही याच प्रजातीतील दुसरी जाती होय. ‘अरेका पाम’ मात्र मादागास्करची असून अरेका हे नाव खऱ्या अर्थाने पोफळीचे आहे.

शास्त्रीय नावाचा इतिहासही सरळ नाही. कॅमीडोरिया ही प्रजाती वनस्पतिशास्त्रज्ञ विल्डेनो यांनी 1806 मध्ये प्रसिद्ध केली. नाव ग्रीक असून त्याचा अर्थ ‘जमिनीलगतची देणगी’ असा लावतात. हाताला सहज येणाऱ्या फळांचा तो निर्देश असावा. तथापि रुइझ व पाव्होन यांनी याच वनस्पतींना 1794 मध्ये नुनेझारिया असे नाव दिलेले होते. अग्रक्रमाच्या (आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरण्याच्या) नियमाने तेच ग्राह्य ठरले असते, आणि कुंट्झे यांनी 1891 मध्ये तसा आग्रहही धरला. पुढे रूढ नाव टिकावे म्हणून कॅमीडोरिया हे ‘संरक्षित नाव’ मानण्यात आले. प्रस्तुत जातीचे वर्णन मार्टिअस यांनी 1830 मध्ये केले. लीबमान यांनी 1845 च्या सुमारास तिला कोलिनिया या स्वतंत्र गटात घातले. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ कुक यांनी विसाव्या शतकात तिच्यासाठी नीअँथी ही नवी प्रजाती सुचवली व ‘नीअँथी बेला’ असे नाव दिले. हॉडेल यांनी 1992 मध्ये प्रजातीचा विस्तृत आढावा घेताना ही सर्व नावे कॅमीडोरिया एलेगन्समध्येच सामावून घेतली, आणि हेच मत अधिक सयुक्तिक वाटते. रोपांच्या व्यापारात मात्र ‘बेला पाम’ हे नाव अद्याप टिकून आहे.

वर्णन : खोड एकच, सडपातळ, हिरवे, वलयांकित. उंची निसर्गात 2–3 मी.; कुंडीत अनेक वर्षांनी जेमतेम 1 मी. नर व मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. फुले बारीक व पिवळी, फळे वाटाण्याएवढी व काळी. फळे धरल्यावर फुलोऱ्याचा दांडा नारिंगी-लाल होतो. कुंडीत दिसणारा झुबका म्हणजे एका झाडाचे फुटवे नव्हेत. एकाच कुंडीत लावलेली ती अनेक स्वतंत्र रोपे असतात. केळीचे मुनवे काढावेत तशी ती वेगळी करू गेल्यास नाजूक मुळे तुटतात. शेंडा छाटू नये. वाढीचे टोक प्रत्येक खोडाला एकच असते. ते गेले की ते खोड संपते.

पाणी : सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत ही वनस्पती उजेडाअभावी क्वचितच मरते, बहुधा पाण्याने मरते. त्याचेही प्रकार पूर्व-पश्चिम बदलतात. महाबळेश्वर परिसरात वर्षाला 5 मी.हून अधिक पाऊस पडतो, तर माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके पर्जन्यछायेत आहेत. महाबळेश्वर, पाचगणी, पाटण या भागांत पावसाळ्यात माती आठवडे-आठवडे सुकत नाही. तेव्हा पाणी जवळजवळ बंद ठेवावे, अन्यथा मुळे कुजतात. पूर्वेकडे अडचण क्षारांची. बोअरच्या जड पाण्यातील क्षार कुंडीत साठत जातात, पर्णिकांची टोके करपतात आणि मातीच्या कुंडीला बाहेरून पांढरा थर येतो. वाळवा, मिरज, तासगाव या भागांतील शेतकऱ्याला क्षारपड जमीन म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कुंडीतही तेच लहान प्रमाणावर घडते, कारण पुरेशा निचऱ्याअभावी क्षार वाहून जात नाहीत. पाणी उकळल्याने विरघळलेले बहुतेक क्षार जात नाहीत. आरओ (जलशुद्धी) यंत्रातून सांडपाणी म्हणून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालण्याची रीत आहे. त्यात क्षार अधिक दाट झालेले असल्याने या वनस्पतीला ते घालू नये. पावसाचे पिंपात साठवलेले पाणी सर्वांत चांगले. ते नसल्यास महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी ओतून तळातून निथळू द्यावे. एरवी वरची 2–3 सेंमी. माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे.

माती व जागा : काळी माती एकटी वापरू नये, ती पाणी धरून ठेवते आणि सुकताना आक्रसून मुळांपासून सुटते. तांबडी माती, कोकोपीट, जाड वाळू व कुजलेले शेणखत यांचे भुसभुशीत मिश्रण चालते. खत पावसाळ्याच्या आगेमागे, निम्म्या मात्रेत. दाटीने वाढणे हिला मानवते, म्हणून कुंडी दोन-तीन वर्षांनी बदलली तरी पुरते. 18–27° से. तापमान अनुकूल, सुमारे 10° से.च्या खाली इजा संभवते. वाड्याची ओसरी, उत्तरेची खिडकी किंवा जिन्याचा कोपरा योग्य. वैशाखात सांगलीकडचे थेट ऊन दोन दिवसांत पाने पांढरी करते.

कीड : कोरड्या हवेत पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी होतो, पिठ्या ढेकूण व खवले कीडही आढळते. द्राक्षबागायतदारांना यांतील पहिली दोन नावे नवी नाहीत; मात्र बागेतील औषध घरात फवारण्याचा मोह टाळावा. ओल्या फडक्याने पाने पुसणे आणि सौम्य साबणाचे पाणी बहुधा पुरते. जुनी, खालची पाने पिवळी पडणे हा रोग नव्हे.

अभिवृद्धी बियांपासूनच होते. बी उगवण्यास काही महिने लागतात.

उपयोग : मुख्यतः शोभेसाठी. घरातील हवा शुद्ध करण्याचा गुण हिला चिकटवला जातो. त्याचे मूळ नासाच्या 1989 मधील बंदिस्त पेट्यांतील प्रयोगांत आहे, आणि त्यांत प्रस्तुत जातीऐवजी वर उल्लेखिलेली बांबू पाम होती. त्यानंतरच्या आढाव्यात, खिडक्यांतून होणाऱ्या वायुवीजनाची बरोबरी करण्यास प्रत्येक चौ. मी.ला 10 ते 1,000 झाडे लागतील असे आढळले. तेव्हा हा दावा सोडून देणेच बरे. पाने मांजर-कुत्र्यांना विषारी नाहीत. मेक्सिको व ग्वातेमालात प्रस्तुत जातीची व तिच्या काही भगिनी जातींची पाने ‘शाते’ या नावाने जंगलातून तोडून पुष्परचनेसाठी निर्यात केली जातात, आणि ईस्टरपूर्वीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्येही वापरतात.