एचएलए वर्ग १ आणि वर्ग २: एकाच रिपोर्टमधले दोन गट

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच. बोन मॅरो बदलायचा विषय निघाला की भावंडांचं एचएलए टायपिंग करायला सांगतात, म्हणजे पेशींवरची ओळखीची प्रथिनं (एचएलए) जुळतात का ते तपासायचं. रिपोर्टमध्ये बहुधा ए, बी, सी, डीआरबी१, डीक्यूबी१ अशी नावं एकाखाली एक असतात. पहिली तीन वर्ग १ ची, उरलेली दोन वर्ग २ ची. काम वरवर एकच: प्रथिनाचा तुकडा खाचेत धरून टी-पेशीला (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीला) दाखवायचा. तो तुकडा येतो कुठून, तिथे वाटा फुटतात.

वर्ग १ केंद्रक असलेल्या जवळपास सगळ्या पेशींवर असतो. पेशीत तयार झालेली प्रथिनं, विषाणूची धरून, प्रोटिअसोम हे पेशीतलं कापणी-यंत्र कापतं. टॅप हा पंप ते तुकडे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये (पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या जाळ्यात) ओढतो आणि टॅपासिन हे प्रथिन वर्ग १ च्या रिकाम्या रेणूला पंपाशी धरून ठेवतं. (टॅप वेगळं, टॅपासिन वेगळं, परीक्षेत घोळ हमखास इथेच.) खाच दोन्ही टोकांना बंद, म्हणून साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचाच तुकडा बसतो. तो सीडी८ टी-पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या) ओळखतात. ओठांवर फोड आणणारा हर्पिस विषाणू आयसीपी४७ हे आपलं प्रथिन वापरून टॅपच बंद पाडतो; मग बहुतेक रेणू पृष्ठभागावर पोचतच नाहीत.

वर्ग २ सुद्धा त्याच रेटिक्युलममध्ये घडतो. मग तिथले तुकडे त्यात का शिरत नाहीत? कारण इन्व्हेरिअंट चेन ही प्रथिनाची साखळी बाटलीच्या बुचासारखी खाच अडवून बसते. आम्लधर्मी एंडोसोममध्ये (गिळलेला माल जिथे जातो त्या पिशवीत) ती कापली जाते, क्लिप नावाचा तिचा तुकडा तेवढा उरतो. एचएलए-डीएम हे मदतनीस प्रथिन तो काढतं आणि पेशीने गिळलेल्या जिवाणूचा तुकडा बसतो. टोकं उघडी असल्याने १३ ते २५ अमिनो आम्लंही चालतात. हा तुकडा सीडी४ टी-पेशींसाठी (इतर पेशींना मदत करणाऱ्या), आणि दाखवणाऱ्या पेशी मुख्यतः डेंड्रिटिक, मॅक्रोफेज, बी-पेशी. डीएम बिघडलं तर रेणू वर येतो खरा, पण बराचसा क्लिप घेऊनच.

डेंड्रिटिक पेशी मात्र हा नियम मोडतात. गिळलेला मालही वर्ग १ वर मांडतात.

आता रिपोर्ट. पाच जनुकं, प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणून पूर्ण जुळणी १०/१०. सगळी सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असल्याने प्रत्येक पालकाकडून बहुधा एकगठ्ठा उतरतात. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५%. प्लेटलेटवर (रक्त गोठवणाऱ्या कणांवर) फक्त वर्ग १, त्यामुळे त्या जुळवून चढवताना ए आणि बी बघतात. रक्त चढवताना एचएलए जुळवत नाहीत, तरी पिशवीतल्या पांढऱ्या पेशींमुळे एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात. वारंवार रक्त लागणाऱ्या मुलासाठी पांढऱ्या पेशी गाळलेली पिशवी मागावी.