दर चार रेणूंमागे एक पाण्याचा

व्हीटेक इंजिनाची जुनी होंडा सिटी जिवापाड जपणाऱ्यांची एक जमातच आहे. २००३ मध्ये नवी सिटी आली ती ७७ बीएचपीची. तिच्या आधीच्या १.५ व्हीटेकला १०६ बीएचपी होते. ते दुःख ही मंडळी अजून विसरलेली नाहीत. गाड्या आता वीस वर्षांपुढच्या झाल्या, तरी रविवारी जॅकवर चढतात. कोनिकल एअर फिल्टर बसतो, जाड पाइपाचा एक्झॉस्ट बसतो, कॅलिपरला, म्हणजे चाकाच्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या चिमट्याला, लाल रंग लागतो. पेडलचा जोर चाकापर्यंत नेणारा द्रव, म्हणजे ब्रेक ऑइल, शेवटचं कधी बदललं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “गाडी चालतेच किती? आणि परवाच टॉप-अप केलंय की!”

या दोन वाक्यांत दोन गैरसमज आहेत.

पहिला किलोमीटरचा. ब्रेक ऑइल खराब होतं ते मुख्यतः कॅलेंडरप्रमाणे, कारण ते हवेतली वाफ ओढून घेतं. थोडी वाफ ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातल्या बारीक वाटेने येते, बरीचशी चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांच्या भिंतींतून झिरपते. रबर आपण समजतो तितकं पक्कं नसतं. कोकणातल्या पावसाळ्यात ताडपत्रीखाली उभी असलेली गाडीसुद्धा पाणी पीत असते.

दुसरा टॉप-अपचा. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो आणि त्याच्यामागची जागा भरायला टाकीतलं ऑइल खाली उतरतं. म्हणजे कुठे गळती नसेल, तर पातळी उतरली याचा अर्थ पॅड संपत आले. वरून भर घातली की ही खूण पुसली जाते, आणि नवे पॅड घालताना पिस्टन मागे दाबला की टाकी उतू जाते. शिवाय सगळ्यात जास्त तापतं ते चाकापाशी, आणि तिथलं जुनं ऑइल टॉप-अपने हलतच नाही.

आता माझा आवडता भाग. बाटलीवर डॉट ३, डॉट ४ असे वर्ग छापलेले असतात. प्रत्येक वर्गाला किमान दोन उत्कलनबिंदू पाळावे लागतात, एक कोरडा आणि एक ओला. डॉट ३ साठी २०५ आणि १४० अंश सेल्सियस, डॉट ४ साठी २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. ‘ओला’ म्हणजे वजनाने ३.७ टक्के पाणी मुरलेला. एवढ्याशा पाण्याने डॉट ३ चे तब्बल ६५ अंश जातात. असं का व्हावं?

ज्यांना रसायनशास्त्राचा कंटाळा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा; मला तो गाळवत नाही.

३.७ टक्के हे वजन आहे आणि उकळण्याची क्रिया वजन पाहत नाही, रेणू मोजते. ब्रेक ऑइलमध्ये सर्रास वापरला जाणारा एक द्रव म्हणजे ट्रायइथिलीन ग्लायकॉल मोनोमिथिल ईथर. त्याचा रेणुभार १६४, पाण्याचा १८. शंभर ग्रॅम मिश्रण घेतलं तर पाणी ३.७ भागिले १८, म्हणजे ०.२१ मोल (मोल हे रेणू मोजायचं एकक), ईथर ९६.३ भागिले १६४, म्हणजे ०.५९ मोल. दर चार रेणूंमागे एक पाण्याचा! राऊल्टच्या नियमानुसार आदर्श मिश्रणातला प्रत्येक घटक आपल्या रेणूंच्या वाट्याइतकाच बाष्पदाब देतो. एकूण बाष्पदाब एक वातावरण झाला की द्रव उकळतो. १४० अंशांच्या आसपास ईथरचा हातभार नगण्य असतो. सगळा भार त्या पाव हिश्श्याच्या पाण्यावर येतो, म्हणजे त्या तापमानाला शुद्ध पाण्याचा बाष्पदाब जवळजवळ चार वातावरण हवा. वाफेच्या तक्त्यात ते तापमान सापडतं १४२ अंशांच्या आसपास, आणि डॉट ३ चं प्रमाण आहे १४०. खऱ्या ऑइलमध्ये अनेक ईथर असतात, हायड्रोजन बंधही असतात, तेव्हा आकडे इतके जुळणं हा थोडा योगायोग. पण गणिताची दिशा खरी आहे, आणि पहिल्या एक-दोन टक्क्यांतच सर्वात मोठी घसरण का होते तेही त्यातून कळतं.

मग पाणी न पिणारं ऑइल का वापरत नाहीत? तसं आहे: सिलिकोनचं डॉट ५. पण पाणी तरीही आत येतंच. ते सिलिकोनमध्ये विरघळत नाही, म्हणून सर्वात खोल जागी, नेमकं कॅलिपरमध्ये, साचून राहतं. तिथे ते लोखंड गंजवतं आणि १०० अंशांना उकळतं. डॉट ३, डॉट ४ सारखं ग्लायकॉलचं ऑइल तेच पाणी सगळीकडे पसरवून पातळ करतं. पाणी पिणं हा दोष नाही, योजनाच आहे. फक्त ती मुदतीची आहे. डॉट ४ मधली बोरेट एस्टर तर पाण्याशी रासायनिक क्रिया करून त्याला बांधून ठेवतात. ती खर्ची पडली की संपलं. डॉट ५ आणि डॉट ५.१ मात्र नावावरून भाऊ समजू नका. ५.१ ग्लायकॉलचंच आहे आणि ४ मध्ये मिसळतं, ५ अजिबात मिसळू नये.

उकळल्याने बिघडतं काय, याचं उत्तर शाळेतल्या पास्कलच्या नियमात आहे. द्रव दबत नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ दबते. पाणी साध्या दाबाला वाफ झालं की सुमारे १,७०० पट फुगतं आणि पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर एका दाबात ढकलतो ते मोजके घनसेंटिमीटर. बुडबुडे चिरडण्यातच पेडल तळाला जातं.

गंमत म्हणजे हे बहुधा पाय दाबलेला असताना होत नाही. जोरात ब्रेक दाबला की नळीत दाब असतो, आणि ५० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे पन्नासपट दाबाखाली शुद्ध पाणीसुद्धा २६४ अंशांपर्यंत उकळत नाही. पाय उचलला की दाब गेला, पण तापलेल्या पॅडमधली उष्णता पिस्टनमार्गे ऑइलकडे येतच राहते. वाफ तेव्हा धरते आणि कळते पुढच्या वळणावर. पॅड तापून निकामी झाले तर पेडल दगडासारखं घट्ट आणि गाडी थांबत नाही. ऑइल उकळलं तर पेडल मऊ. दोन्ही वेगळे रोग आहेत, औषधंही वेगळी.

बोरघाटाचं गणित करून पाहू. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर, खोपोली शंभराच्या आत. उतार ५५० मीटर धरू, माणसं-सामानासह गाडी १,३०० किलो. म्हणजे सुमारे ७० लाख जूल. ताशी १०० वरून एकदा पूर्ण थांबायला लागतात ५ लाख. त्या ७० लाखांतली निम्मी ऊर्जा पुढच्या दोन डिस्कमध्ये गेली, डिस्क मिळून दहा किलो लोखंड धरलं आणि वाऱ्याने काहीच थंड झालं नाही असं मानलं, तर तापमान ७०० अंशांनी चढेल. प्रत्यक्षात वारा वाचवतो आणि त्याहून जास्त वाचवतो गिअर. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला व्हीटेकचं इंजिन चार हजार आरपीएमला ओरडत राहिलं तरी त्याला काही होत नाही, ते त्यासाठीच बनलंय. जुन्या रस्त्यावर शिंगरोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर नाणं टाकतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पेट्रोलच्या पाइपला चुंबक लावून ॲव्हरेज वाढवण्याची हमी देणाऱ्यांबद्दल. तेवढ्या पैशात डॉट ४ च्या बाटल्या येतात.

भोकांच्या डिस्क आणि मोठे कॅलिपर यांचंही तसंच. आत्ताच्या ब्रेकने चाक लॉक होऊ शकत असेल, तर थांबण्याचं अंतर टायर ठरवतो, डिस्क नाही. मोठी डिस्क उष्णता जास्त झेलते, बस. स्टीलच्या जाळीची नळी मात्र चांगली. ती फुगत नाही, पेडल घट्ट लागतं.

ऑइल बदलणं घरी जमतं. चाकापाशी ऑइल बाहेर सोडायची बारीक तोटी असते, तिला निपल म्हणतात. त्या निपलच्या मापाचा रिंग पाना, पारदर्शक नळी, तळाशी थोडं नवं ऑइल घातलेली बाटली, पेडल दाबायला एक माणूस. “दाब… धर…” म्हटल्यावर निपल पाव फेरा उघडायचा, बंद केल्यावरच “सोड”. चहाच्या रंगाचं ऑइल जाऊन फिकट पिवळं यायला लागलं की पुढचं चाक, क्रम मॅन्युअलमधला. टाकी रिकामी पडू द्यायची नाही, नाहीतर हवा जाते आणि सगळं पहिल्यापासून. रंगावर मात्र फार विसंबू नका. स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असतं.

जुन्या गाडीत दोन धोके जास्त. गंजलेला निपल जोर लावल्यावर तुटतो, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. आणि पेडल पूर्ण तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात वीस वर्षांत सील कधी गेलंच नाही, तिथे गंजाचे खडे असतात आणि सील फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की झालं. टाकीत इंजिन ऑइलचा थेंबही जाता कामा नये, सगळी रबरं फुगतात. रंगावर ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाणी ओता. पाण्याची त्याला ओढ आहेच, ती इथे उपयोगी पडते. काम झालं की गल्लीतच सावकाश दोन-चार वेळा ब्रेक दाबून बघा, मगच रस्त्यावर. बाटलीत उरलेलं पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. सील तुटल्या दिवसापासून तीही पाणी प्यायला लागलेली असते.