जुनी गाडी सेल्फ घेत नाही? स्टार्टर खोलण्याआधी हे वाचा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

किल्ली फिरवली आणि इंजिन जागचं हललं नाही, की पहिला संशय स्टार्टरवर जातो. तो खोलला जातो, फडक्यात गुंडाळून वर्कशॉपला येतो आणि टेबलावर बॅटरीला जोडला की मस्त फिरतो. टेबलावर वायर हातभर आणि जाड असते, सांधे स्वच्छ असतात. गाडीत मात्र तोच करंट बॅटरी, सोलेनॉइड (स्टार्टरचा मोठा करंट जोडणारा विजेचा स्विच), स्टार्टर, इंजिनचं अंग, अर्थची पट्टी (इंजिन चासीला जोडणारी) आणि चासी (गाडीचा सांगाडा) अशी फेरी मारून परत बॅटरीत येतो. या वाटेवर आठ-दहा सांधे असतात आणि बहुतेक गाडीइतकेच जुने असतात. व्होल्ट कुठल्या सांध्यावर हरवतात ते शोधायचं, एवढंच खरं काम आहे.

इंजिन फिरतच नाही किंवा कण्हत फिरतं, अशा तक्रारीसाठीच हे पत्रक आहे. इंजिन जोमात फिरतंय पण पकडत नाही, तर दोष पेट्रोलमध्ये किंवा इग्निशनमध्ये शोधा. इथलं काही लागू नाही.

हात लावण्याआधी

गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली अडण. अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ विडी-सिगारेट नको.

मग गाडीचा अर्थ कुठला, म्हणजे बॅटरीचं कुठलं टर्मिनल चासीला जोडलंय, ते बघा. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस चासीला जोडलेला असे. मधल्या काळात कोणी गाडी मायनस अर्थवर बदललेली असू शकते, म्हणून पुस्तकापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. व्होल्टही पाहा. अमेरिकी गाड्या १९५०च्या दशकाच्या मध्यावर ६ वरून १२ व्होल्टवर आल्या, फोक्सवॅगनची बीटल त्यानंतर दहाएक वर्षांनी. जुन्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि त्यांना जोडणारी मधली वायर हमखास दुर्लक्षित राहते.

बॅटरी सोडवताना चासीला जोडलेलं टर्मिनल आधी काढायचं आणि शेवटी लावायचं, मग ते प्लस असो वा मायनस. अर्थ सुटलेला असला की दुसऱ्या टर्मिनलवरचा पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

हेडलाइट लावून किल्ली फिरवा

हत्यार न लागणारी ही सगळ्यात कामाची चाचणी. गाडी भिंतीसमोर उभी करा, हेडलाइट लावा, सेल्फ मारा आणि उजेड पाहा.

उजेड जवळजवळ विझला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनलचा सांधा खराब आहे. मारण्याआधी उजेड झकास होता आणि मारताच गुल झाला, तर सांध्यावर जास्त संशय घ्या. उजेड बराच मंदावला आणि एकच जड ‘खट्’ आला, तर करंट स्टार्टरपर्यंत पोचतोय पण काहीतरी अडकलंय: बेंडिक्स (स्टार्टरचा दात इंजिनात गुंतवणारा भाग), आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा) किंवा खुद्द इंजिन. उजेड तसूभरही बदलला नाही, तर मोठा करंट निघालेलाच नाही. तेव्हा किल्लीचा स्विच, सोलेनॉइडची बारीक वायर, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा स्टार्टरचे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) तपासायचे.

‘टकटकटकटक’ असा आवाज म्हणजे जवळजवळ नेहमी व्होल्टेज कमी. सोलेनॉइड ओढतो, मोठा करंट जायला लागताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, पुन्हा ओढतो.

बॅटरी

गाडी काही तास उभी राहिल्यावर मीटर लावा. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीला १२.६ किंवा वर म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली आधी चार्ज करा, मग पुढचं. ६ व्होल्टला हे आकडे निम्मे धरा. पण उभ्या बॅटरीचा आकडा पुरेसा नाही. मरायला टेकलेली बॅटरीही चार्जरवरून काढल्यावर १२.६ दाखवते. सेल्फ मारत असताना बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर मोजा: ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी कमकुवत आहे किंवा स्टार्टर वाजवीपेक्षा जास्त ओढतोय. झाकणं उघडत असतील तर हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी नळी, आणखी स्पष्ट बोलतो. सगळे सेल १.२६५ च्या आसपास आणि एकच १.१५० वर असेल, तर तो सेल गेला; कितीही चार्ज केला तरी उपयोग नाही.

चांगली बॅटरी वारंवार उतरत असेल तर गाडी बंद असताना किती करंट जातो ते मोजा. ५० मिलीअँपियर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ४० अँपियर-अवरची बॅटरी त्याने अडीच आठवड्यांच्या आत निम्मी होते. घड्याळ, नंतर बसवलेला रेडिओ आणि कटआउटचे (डायनॅमो आणि बॅटरीमधल्या स्विचचे) चिकटलेले पॉइंट हे नेहमीचे गुन्हेगार. डायनॅमोची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या जनरेटरची) गाडी असेल तर आणखी एक गोष्ट: आयडलिंगवर डायनॅमो जवळजवळ काहीच चार्ज करत नाही. दिवे लावून गर्दीत रखडत आलेली गाडी घरी पोचते ती बॅटरी खाऊनच.

व्होल्ट कुठे हरवतात ते मोजणं

वायर तपासायची म्हणून बरेच जण मीटर ओहमवर लावतात आणि ‘सगळं बरोबर आहे’ म्हणतात. गणित करून बघा. चार सिलिंडरच्या इंजिनला फिरवताना सुमारे १५० अँपियर लागतात असं धरू. सांध्यात ०.०२ ओहम रोध असेल तर तिथेच ३ व्होल्ट खर्ची पडतात आणि स्टार्टरला उरतं त्यावर तो कण्हतो. साध्या मीटरला ०.०२ ओहम दिसतच नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याहून जास्त असतो. म्हणून करंट वाहत असतानाच मोजायचं, आणि ओहम नव्हे, व्होल्ट.

आधी इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ती कुठे टेकणार नाही अशी ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या खुंटावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे, मधल्या शिशावर. दुसरं टोक स्टार्टरच्या बोल्टवर, जिथे मोटरमध्ये करंट शिरतो. सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. मारण्याआधी मीटर पूर्ण १२ दाखवेल, त्याने गोंधळू नका. सोलेनॉइड उघडा असतो म्हणून तसं दिसतं. मारताना आकडा ०.५ च्या आत यायला हवा. जास्त आला तर टोक मागे सरकवत या: सोलेनॉइडचा पुढचा बोल्ट, मागचा बोल्ट, वायरचं लग (टोकाची धातूची कडी), क्लॅम्प. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम उतरतो, तिथे दोष. एका चांगल्या सांध्यावर ०.१ पेक्षा जास्त पडत नाही.

आता अर्थची बाजू. एक टोक बॅटरीच्या अर्थ खुंटावर, दुसरं स्टार्टरच्या उघड्या धातूवर, रंगावर नको. सेल्फ मारताना ०.२ च्या आत हवं. ६ व्होल्टच्या गाडीत दोन्ही मर्यादा निम्म्या धरा.

पाच-सहा वेळा सेल्फ मारून लगेच हाताने चाचपलं तरी दोष सापडतो. जिथे ३ व्होल्ट पडतात तिथे १५० अँपियरला ४५० वॅट उष्णता होते, त्यामुळे तो सांधा चटका देतो. मात्र एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा.

अर्थची पट्टी

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने चासीपासून तुटलेलं. दोघांना जोडते ती तांब्याची विणलेली पट्टी. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामात ती काढली जाते आणि परत लावायची राहते. मग करंट मिळेल त्या वाटेने जातो: चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल. सेल्फ मारताना चोकची मूठ गरम लागली किंवा केबलच्या आवरणातून धूर आला, तर दुसरं काही तपासू नका, पट्टी शोधा. तपासायला जंपर केबलचं एक टोक इंजिनच्या उघड्या धातूला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थ खुंटाला लावून सेल्फ मारा. इंजिन झटक्यात फिरलं की निदान झालं.

नव्याने रंगवलेल्या गाडीत आणखी एक गंमत असते. पट्टी नवी, बोल्ट नवा, आणि खाली पावडर कोटिंगचा चकचकीत थर. बोल्टभोवती नाण्याएवढी जागा धातू चमकेपर्यंत घासा, पट्टी आवळा आणि मग वरून व्हॅसलीन फासा. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने जातो. बुडबुडे थांबले की धुवा, पुसा, वायर ब्रश मारा. सोडा सेलमध्ये जाऊ देऊ नका.

६ व्होल्टच्या गाडीला दुकानातली तयार १२ व्होल्टची केबल लावू नका. तेवढ्याच ताकदीसाठी तिला दुप्पट करंट लागतो. १२ व्होल्टला जिथे २५ चौरस मिलिमीटरची केबल चालते तिथे तिला ५० ची द्या. ६ व्होल्टच्या गाड्यांची बदनामी पुष्कळदा बारीक केबलमुळे झालेली असते.

किल्ली आणि सोलेनॉइड

उजेड बदलत नाही, आवाज नाही, तर सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर टेस्ट लॅम्प लावा. किल्ली फिरवल्यावर लॅम्प पेटला नाही तर दोष किल्लीच्या बाजूला. ऑटोमॅटिक गाडी असेल तर पी ऐवजी एन मध्ये टाकून बघा. गिअरचा सेफ्टी स्विच सरकलेला असतो. लॅम्प लख्ख पेटतो आणि सोलेनॉइड गप्प, तर सोलेनॉइड गेला किंवा त्याला अर्थ मिळत नाही. सोलेनॉइड खटकतो पण मोटर फिरत नाही, तर आतली तांब्याची चकती आणि कॉन्टॅक्ट जळालेले असू शकतात. काही जुन्या ल्युकास सोलेनॉइडला मागे रबराखाली दाबायचं बटण असतं. गिअर न्यूट्रल असल्याची खात्री करून अंगठ्याने दाबा; इंजिन फिरलं तर स्टार्टर निर्दोष.

स्टार्टर

बेंडिक्सच्या स्टार्टरमध्ये पिनियन (लहान दातेरी चाक) झटक्याने पुढे जाऊन इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये बसतो. मोटर ‘घूंऽऽ’ करून मोकळी फिरते पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्सचा दांडा मळलेला आहे. तो पेट्रोलने धुवून कोरडा ठेवा; ऑइल लावलंत तर क्लचची धूळ चिकटून महिन्याभरात पुन्हा तेच. उलट पिनियन रिंगमध्येच अडकला, तर स्टार्टरच्या मागच्या टोपीखाली शाफ्टचं चौकोनी टोक असतं, ते पान्याने फिरवा. टोक नसेल तर इग्निशन बंद ठेवून, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक सोडून मागेपुढे हलवा. हे वारंवार होत असेल तर रिंगचे दात पाहायला हवेत.

लाकडी दांड्याने स्टार्टरच्या अंगावर हलकं ठोकल्यावर तो फिरू लागला, तर कार्बन झिजले आहेत. ठोकून एक-दोन दिवस निघतील, इतकंच. थंड असताना बरा आणि लांबच्या प्रवासानंतर गप्प, तर बुश (शाफ्टचा आधार) झिजून आर्मेचर फील्डच्या तुकड्यांना (भोवतीच्या स्थिर चुंबकांच्या लोखंडाला) घासतंय का ते पाहावं लागतं. सायलेन्सरचा पाइप शेजारून जात असेल तर उष्णतेने तांब्याचा रोधही वाढतो, दर १० अंशांना सुमारे ४ टक्के. काठावर चालणारी गाडी त्यानेच बंद पडते.

इंजिनच अडकलं असेल तर

सगळे प्लग काढा आणि क्रँकच्या पुलीच्या नटवर पाना लावून इंजिन फिरवा. प्लग काढल्यावर सहज फिरलं आणि प्लगच्या भोकातून पेट्रोल किंवा पाणी उडालं, तर सिलिंडरमध्ये द्रव भरलेला होता: कार्ब्युरेटरची नीडल गळते किंवा हेड गॅस्केट फुटलंय. अशी गाडी ढकलून सुरू करायला गेलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढूनही इंजिन जाम असेल आणि गाडी वर्षानुवर्षं उभी असेल, तर रिंगा गंजून धरल्या असतील. प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल टाका, काही दिवस मुरू द्या आणि मग हळूहळू मागेपुढे करा. लांब पाइप लावून जोर करू नका.

तात्पुरता मार्ग

जंपर केबल नेहमी प्लसला प्लस, मायनसला मायनस. शेवटचा चिमटा बंद गाडीच्या बॅटरीवर नको, दूर इंजिनच्या उघड्या धातूवर. प्लस अर्थच्या गाडीत तो शेवटचा चिमटा प्लसचा असतो, आणि दुसरी गाडी मायनस अर्थची असेल तर दोघींचे बंपर एकमेकांना टेकता कामा नयेत.

हँडल मारायचं तर अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीभोवती वळवू नका. खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. इंजिनने उलटा झटका दिला तर मूठ हातातून सुटली पाहिजे.

आमच्याकडे येताना

हे लिहून आणा: बॅटरीचं उभं व्होल्टेज, सेल्फ मारतानाचं व्होल्टेज, हेडलाइटचं काय झालं, आवाज कुठला, गाडी थंड होती की गरम, आणि अलीकडे क्लच, गिअरबॉक्स किंवा रंगाचं काम झालं का. शक्य असेल तर स्टार्टर न खोलता गाडीच आणा किंवा आम्हाला गाडीपाशी बोलवा. सुटा स्टार्टर आणलात तर सोबत मोठी वायर आणि अर्थची पट्टीही काढून आणा. त्या दोन्ही आम्ही करंट सोडून तपासून देतो.