ब्राँझचा बिबट्या चालतो कसा?

घरात मांजर असेल तर ती दबकत चालताना वरून बघा. ज्या पायावर भार येतो त्या बाजूचं खांद्याचं हाड पाठीच्या वर येतं, पाय उचलला की खाली बसतं. मांजरकुळात खांद्याला छातीशी सांधणारं हाड नावापुरतंच उरलंय. पुढचं धड स्नायूंच्या झोळीत लटकलेलं असतं, म्हणून ही लय.

इटालियन शिल्पकार रेम्ब्रांट बुगाटीच्या (१८८४–१९१६) ब्राँझच्या बिबट्यांत नेमकं हेच दिसतं. मोटारवाला एत्तोरे बुगाटी त्याचा थोरला भाऊ. हा धाकटा मात्र पॅरिस आणि अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयांत पिंजऱ्यांसमोर बसून माती थापायचा. माती तेल-मेणातली, न वाळणारी. जनावर हलायच्या आत हात चालवायचा, गुळगुळीत करायला वेळच नाही.

त्याआधी १८७८मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिजने ओळीने बारा कॅमेरे लावून घोडा दौडवला होता. दौडीत चारही खूर हवेत असतात ते पाय ताणलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना, हे तेव्हा कळलं. चित्रकारांचे शतकानुशतकांचे घोडे चुकीचे निघाले! फ्रेंच चित्रकार एदगार देगाने त्या फोटोंवरून रेखाटनं केली, मेणाचे घोडेही घडवले. पण फोटोतला खरा क्षण शिल्पात जसाच्या तसा उतरवला तर जनावर बऱ्याचदा थिजल्यासारखं वाटतं. मला तरी वाटतं, डोळा एका क्षणावर भागत नाही. भार कुठून निघाला आणि कुठे चाललाय, हे त्याला दिसावं लागतं. उचललेला पंजा आणि वर आलेला खांदा एकत्र दिसले की पुढचं पाऊल आपणच टाकतो.

यात धातूचाही वाटा आहे. संगमरवर ताणाला कच्चा, म्हणून संगमरवरी घोड्याच्या पोटाखाली बरेचदा झाडाचा बुंधा ठेवावा लागतो. तांब्यात कथील मिसळून केलेलं ब्राँझ चार काटकुळ्या पायांवर उभं राहतं, तेही आतून पोकळ. शिवाय मेणाचा नमुना साच्यात वितळवून त्या जागी रस ओतला, की मेणावरची बारीक रेघही धातूत उतरते. पॅरिसच्या एब्रारच्या ओतशाळेत बुगाटीची शिल्पं अशीच ओतली गेली. देगाचे घोडेही तिथेच ओतले, पण १९१७मध्ये तो गेल्यानंतर.

म्हणून बुगाटीच्या अंगठ्याचे दाब आजही तसेच दिसतात. गुळगुळीत पाठीवर उजेडाचा एकच पट्टा पडतो. या खाचखळग्यांवर शेकडो ठिपके. तुम्ही पाऊलभर सरकलात की ते ठिपकेही जागा बदलतात, आणि बिबट्याच्या कातडीखाली काहीतरी हलतं.