नाचणीचं सगळं काही सालात

नाचणीचा दाणा मोहरीएवढा, आणि त्याचं तांबडं साल आतल्या पिठूळ भागाला पाच थरांनी घट्ट चिकटलेलं. भात गिरणीत घालून पांढराशुभ्र तांदूळ काढता येतो. नाचणी सोलायला जावं तर दाण्याचाच चुरा होतो. म्हणून वरकस जमिनीवरचं हे पीक कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सालासकटच दळलं गेलं. नाचणीचे बरेचसे गुण या नाइलाजाची देणगी आहेत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पॉलिशच्या तांदळात जेमतेम ७-८. तंतू ११ ग्रॅम, तांदळात तीनाच्या आत. प्रथिनांत मात्र नाचणी तांदळाच्या किंचित मागेच आहे. पिष्टमय पदार्थही शंभरात ६७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 'मधुमेह आहे ना, मग नाचणीची भाकरी कितीही खा' हा सल्ला धोक्याचाच. फायदा होतो तो तंतूंमुळे पिष्ट सावकाश पचतं म्हणून, आणि तोही दाणा कसा शिजवला यावर ठरतो. बारीक पीठ पाण्यात बराच वेळ शिजवलं की पिष्टाचे कण फुगून फुटतात, पाचक रसांना आयतं काम मिळतं आणि रक्तातली साखर झपाट्याने चढते. मधुमेह्याला पातळ आंबिलीपेक्षा भाकरी बरी, ती यासाठी.

आता घरोघरी होणारं सत्त्व पाहा. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाटून पंचातून गाळायची आणि तळाशी बसलेला साका उन्हात वाळवायचा. मोड आल्यावर कॅल्शियम-लोह अडवून धरणारं फायटिक आम्ल बरंच कमी होतं, हे उत्तमच. पण पंचात उरलेला तांबूस चोथा कोंबड्यांपुढे जातो, आणि त्यात बहुतेक तंतू नि कॅल्शियमचा मोठा वाटाही जातो! तान्ह्या पोराला पचायला हलकं म्हणून सत्त्व ठीक आहे. आजोबांच्या मधुमेहावर तेच देण्यात काही हशील नाही.

वरीचं साल निघतं, म्हणून ती पॉलिशही होते. उपासाला ताटभर पांढरी वरी खाणाऱ्याला भरडधान्याचं फारसं श्रेय देता येणार नाही. नाचणीच्या बिस्किटांचं तर बोलायलाच नको. पुड्यावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. मैदा आणि साखर आधी दिसली की समजायचं.

बदली कशाची करतो, यालाही महत्त्व आहे. पांढऱ्या तांदळाच्या जागी नाचणी आली तर फरक मोठा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या उकड्या तांदळाच्या पेजेचं तसं नाही: भात उकडताना सालातली ब जीवनसत्त्वं दाण्यात शिरतात आणि त्याचं पिष्टही तुलनेने सावकाश पचतं. पेज बंद करायची काही गरज नाही.

नाचणीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, कुळथात ते भरपूर. भाकरी आणि कुळथाची पिठी ही जोडी म्हणूनच पक्की. लोहाचं म्हणाल तर सोबत बांगडा असला किंवा वर लिंबू पिळलं तर ते अंगी जास्त लागतं. जेवल्याजेवल्या घेतलेला चहा उलटं करतो. तो तासाभराने घ्यावा.